प्रमाणपत्र कुलपाला मिळाले, जातीच्या रकान्याचे काय?

"तुमची माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे." नोकरीच्या पोर्टलवर, लग्न जुळवणाऱ्या ॲपवर, भाड्याने घर मिळवून देणाऱ्या साइटवर हे वाक्य आता सर्रास दिसते. शेजारी एक गोल शिक्का असतो आणि शिक्क्यावर कुठल्यातरी मानकाचा क्रमांक. तो क्रमांक काय सांगतो, हे आपण कधी विचारत नाही. शिक्का आहे ना, मग भरा फॉर्म. नाव, आडनाव, वडिलांचे नाव, मूळ गाव, जात, पोटजात.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरची बहुतेक बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत. तोवर प्रमाणपत्रांचा मोठा बाजार भरणार हे उघड आहे. सल्लागार येतील, ऑडिटर येतील, कार्यशाळा होतील आणि शेवटी भिंतीवर एक चौकट लागेल.

चळवळीतल्या अनेक मित्रांना हा विषय आयटीवाल्यांचा वाटतो. ॲट्रॉसिटीचे खटले पडून आहेत, शिष्यवृत्ती थकलेली आहे, खासगी क्षेत्रात आरक्षणाचे नाव कोणी काढत नाही आणि हे कुठले प्रमाणपत्र घेऊन बसलात, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याला आमचे उत्तर असे की ज्या माहितीवरून आपल्याला घर नाकारले जाते, मुलाखतीला बोलावणे येत नाही, ऑफिसात कुजबूज सुरू होते, ती माहिती आता तलाठ्याच्या दप्तरातून आणि शाळेच्या दाखल्यातून कंपन्यांच्या सर्व्हरवर गेली आहे. ती तिथे का ठेवली आणि कोण वाचतो, हे तपासायची जी काही व्यवस्था उभी राहते आहे, तिच्यात आपला प्रश्न आत्ता घातला नाही तर पुढची वीस वर्षे तो बाहेरच राहील.

प्रमाणपत्र कसे मिळते ते आधी पाहू. आपल्याकडे सर्वात जास्त मिरवले जाते ते आयएसओ २७००१. हे माहितीच्या सुरक्षेचे मानक आहे. कंपनी स्वतः ठरवते की कोणत्या विभागापुरते, कोणत्या इमारतीपुरते प्रमाणपत्र हवे. मग ती स्वतःच्या धोक्यांची यादी करते, त्यावर उपाय लिहिते आणि प्रमाणन संस्थेला पैसे देऊन तपासणीला बोलावते. तपासणारे पाहतात की पासवर्ड कोणाकडे आहे, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते बंद केले का, बॅकअप घेतला जातो का, सर्व्हरच्या खोलीत कोण शिरतो. हे सगळे पाहायलाच हवे. पण यात कुठेही असा प्रश्न येत नाही की, बाबांनो, या फॉर्मवर जातीचा रकाना मुळात कशासाठी आहे? दार भक्कम आहे एवढे प्रमाणपत्र सांगते. आत काय साठवले आहे, हा त्या मानकाचा विषयच नाही. खासगीपणासाठी वेगळे आयएसओ २७७०१ आहे, भारतीय मानक ब्युरोनेही आयएस १७४२८ काढले आहे. ही मानके माहिती कोणत्या हेतूने घेतली हे विचारतात खरे, पण जात ही भारतात वेगळी वागवायची माहिती आहे असे ती आपणहून सांगत नाहीत. हेतू कंपनीच लिहिते. 'उत्तम सेवेसाठी' असे लिहिले की हेतूही झाला.

सरकारच्या नियमांनी तरी सांगितले का? माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २०११ मध्ये जे नियम आले, त्यात 'संवेदनशील वैयक्तिक माहिती'ची यादी होती. पासवर्ड होता, बँक खाते होते, आजार होते, बोटांचे ठसे होते, लैंगिक कल होता. जात नव्हती. याच नियमांनी आयएसओ २७००१ चे नाव घेऊन ते पाळणाऱ्या कंपनीने सुरक्षेची काळजी घेतली असे मानायची सोय केली. म्हणजे जातीवर जात, पोटजातीवर पोटजात गोळा करणारी कंपनी शंभर टक्के नियमात बसत होती, शिक्क्यासह.

कोणी म्हणेल, प्रमाणपत्राकडून एवढी अपेक्षा कशाला? ते तांत्रिक काम आहे, त्यात सामाजिक प्रश्न कसा बसणार? बसतो. एका देशात तो बसवला गेला आहे. तो देश जपान. तिथल्या मानकात तो कोणा अधिकाऱ्याच्या कृपेने आला असे आम्ही मानत नाही. त्यामागे तिथल्या अस्पृश्यांनी दिलेला लढा होता. ती हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जपानमध्ये बुराकू नावाने ओळखला जाणारा समाज आहे. वंश तोच, भाषा तीच, धर्म तोच. पूर्वज मेलेली जनावरे ओढणारे, कातडी कमावणारे, म्हणून अस्पृश्य. १८७१ मध्ये सरकारने फर्मान काढून हा दर्जा रद्द केला. पण लगेच १८७२ मध्ये देशभर कुटुंबांची नोंदवही तयार झाली आणि तिच्यात अनेक ठिकाणी या लोकांच्या नावापुढे 'पूर्वीचे अमुक', 'नवे सामान्यजन' असे शेरे मारले गेले. कायद्याने जात गेली आणि रजिस्टरात ती तशीच राहिली. हे वाचून कोणाला ओळखीचे वाटले तर नवल नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योटोत या समाजाने सुईहेइशा ही आपली संघटना स्थापन केली, आपल्या महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधी.

जपानी कुटुंब-नोंदवहीत प्रत्येकाचे 'मूळ नोंदणीचे ठिकाण' लिहिलेले असते. माणूस कुठेही राहत असला तरी ते ठिकाण कागदावर चिकटून असते. आपल्याकडे आडनाव आणि गावातला वाडा जे काम करतात, ते तिथे हा पत्ता करतो. नोकरीला अर्ज करताना नोंदवहीची नक्कल जोडायची पद्धत होती. पण नुसत्या पत्त्यावरून एचआरला काय कळणार? कोणते गाव, कोणती वस्ती बुराकूंची, हे माहीत असायला हवे. तर त्याचीही सोय बाजाराने केली. नोव्हेंबर १९७५ मध्ये एका निनावी पत्रामुळे उघडकीला आले की देशभरातल्या बुराकू वस्त्यांची यादी पुस्तकरूपाने गुपचूप विकली जात होती. गावाचे नाव, घरांची संख्या, मुख्य धंदा. गिऱ्हाईक कोण? कंपन्यांचे भरती विभाग. चौकशीत दोनशेहून अधिक खरेदीदार निघाले आणि त्यात जगभर नाव असलेल्या मोठमोठ्या कंपन्या होत्या. अर्ज आला की पत्ता काढायचा, पुस्तक उघडायचे, जुळले की अर्ज बाजूला. अर्जदाराला आयुष्यभर कळायचे नाही की आपण का नापास झालो.

बुराकू मुक्ती संघटनेने हे प्रकरण कोर्टकचेरीपुरते ठेवले नाही. कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून जाहीरपणे जाब विचारण्याची त्यांची जुनी पद्धत होती, ती वापरली. 'हे पुस्तक का घेतले? कोणी मंजूर केले? कोणाचे अर्ज बाजूला काढले?' शाळा सोडून नोकरीला लागणाऱ्या मुलांसाठी भेदभावाला वाव देणारे प्रश्न वगळणारा देशभर एकच अर्ज त्यांनी आणि शिक्षकांनी १९७३ मध्येच आणवला होता. १९७६ मध्ये कुटुंब-नोंदवही कोणीही उघडून पाहण्याची मुभा बंद झाली. १९८५ मध्ये ओसाका प्रांताने बुराकू मूळ शोधून काढणाऱ्या खासगी चौकशांवर बंधन घालणारा वटहुकूम नव्हे, रीतसर प्रांतिक कायदा केला.

या सगळ्यानंतर १९९८ मध्ये जपानमध्ये प्रायव्हसी मार्क सुरू झाला. ग्राहकांची आणि कर्मचाऱ्यांची माहिती नीट सांभाळणाऱ्या कंपनीला जिपडेक ही संस्था हे चिन्ह देते. मुदत दोन वर्षांची, पुढे पुन्हा तपासणी. आज सतरा हजारांहून अधिक कंपन्यांकडे ते आहे. त्यामागच्या मानकाची २००६ ची आवृत्ती घ्या. कंपनीने कोणती माहिती घेऊ नये, वापरू नये, कोणाला देऊ नये, याचे त्यात स्वतंत्र कलम आहे. त्यात धर्म आणि विचार आहेत, आजार आहेत, संघटना करण्याचा हक्क बजावला का ही माहिती आहे, मोर्चात गेला होता का हेही आहे. आणि त्याच कलमात वंश, कुळ, अपंगत्व, गुन्ह्याचा इतिहास आणि 'सामाजिक भेदभावाला कारण ठरेल अशी इतर माहिती' यांच्या रांगेत मूळ नोंदणीचे ठिकाण आहे. प्रांताचे नाव चालेल, त्याखालचा पत्ता नको. माणसाची स्पष्ट संमती असेल किंवा कायद्याची तशी गरज असेल, असे मोजके अपवाद.

मित्रांनो, पत्त्यातला एवढासा तपशील एखाद्या तांत्रिक मानकात आपोआप येत नाही. जगातल्या दुसऱ्या देशाच्या तज्ज्ञाला मूळ पत्त्यात धोका काय हे कळणारही नाही. तो शब्द तिथे दिसतो त्यामागे १९७५ चे ते पुस्तक आणि त्याविरुद्ध उभी राहिलेली माणसे आहेत, असेच आम्ही वाचतो. पुढे २०१७ मध्ये अमलात आलेल्या सुधारित कायद्याने 'सामाजिक दर्जा' ही विशेष काळजी घ्यायची माहिती ठरवली आणि आधी संमती घेतल्याशिवाय ती गोळा करायला मनाई केली. बुराकू मूळ त्यात धरले जाते.

इथे एक गोष्ट आपण बौद्धांनी टाळून जाता कामा नये. जपानमध्ये बुराकूंच्या मृतांना काही बौद्ध मंदिरांनी मरणोत्तर नावे देताना हीनत्व दाखवणारी अक्षरे दिली, ती थडग्यांवर कोरली आणि मंदिराच्या मृत्यू-नोंदवहीत लिहिली. लग्नाआधी घराण्याची चौकशी करणारे त्या वह्याही चाळायचे. तथागतांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेतही जात रजिस्टरात शिरू शकते. तिथल्या पंथांना पुढे या वह्या बंद कराव्या लागल्या आणि ती नावे बदलावी लागली.

आता कोणी प्रायव्हसी मार्कची आरती ओवाळू नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. २०१४ मध्ये जपानमधल्या हजारो आईबापांना, जिच्याशी आपला काही संबंध नाही अशा एका कंपनीची जाहिरातपत्रे यायला लागली, मुलांच्या नावानिशी. शोध घेतल्यावर कळले की बेनेसे या मोठ्या शिक्षण कंपनीकडची मुलांची आणि पालकांची माहिती फुटली आहे. सुमारे साडेतीन कोटी नोंदी. कंत्राटी काम करणाऱ्या एका तंत्रज्ञाने ती स्मार्टफोनवर उतरवून याद्यांच्या दलालांना विकली होती. कंपनीकडे प्रायव्हसी मार्क होता. तो नंतर काढून घेतला गेला आणि घरोघर पाचशे येनच्या कुपनाची तयारी दाखवली गेली. मुलांची नावे आणि जन्मतारखा मात्र परत आल्या नाहीत, त्या येतही नसतात.

त्याच वर्षी अमेरिकेत संकेतस्थळांना विश्वासाचा शिक्का विकणाऱ्या ट्रस्टई या कंपनीवर तिथल्या संघीय व्यापार आयोगाने कारवाई केली. २००६ ते २०१३ या काळात एक हजाराहून अधिक वेळा वार्षिक फेरतपासणी न करताच शिक्का चालू ठेवला होता. तडजोड झाली दोन लाख डॉलरवर. ज्याच्याकडून फी घ्यायची त्यालाच तपासायचे, ही या धंद्याची मूळ गोम आहे. शाळेची तपासणी करायला आलेल्या साहेबाचे जेवण शाळेनेच करायचे, हे आपण गावात पाहिलेले आहे. साहेब वर्गात किती वेळ बसतो आणि पंगतीत किती, हेही पाहिलेले आहे.

शिवाय चिन्ह कंपनीपुरते असते, गुप्तहेरापुरते नसते. मार्क आल्यानंतरही जपानमध्ये अधिकृत व्यावसायिकांच्या अर्जांचा गैरवापर करून लोकांच्या कुटुंब-नोंदवह्यांच्या हजारो नकला मिळवल्या गेल्या. २०११ मध्ये ते रॅकेट पकडले गेले. १९३६ ची एक वस्ती-यादी २०१६ मध्ये पुन्हा छापण्याचा आणि इंटरनेटवर टाकण्याचा घाट घातला गेला. त्याविरुद्ध बुराकू संघटना आणि अनेक व्यक्ती कोर्टात गेल्या. टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने २०२१ मध्ये खासगीपणाच्या आधारावर मनाई दिली. २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. अन्यायाने भेदभाव न होता माणूस म्हणून शांतपणे जगता येणे हाच कायद्याने रक्षावा असा हक्क आहे, असे मानून मनाई आणखी प्रांतांना लागू केली. हा फरक बारीक वाटेल, पण आमच्या मते सगळ्या विषयाचा कणा तोच आहे. खासगीपणाचा प्रश्न विचारतो, माहिती बाहेर गेली का? समतेचा प्रश्न विचारतो, त्या माहितीने माणसाचे काय केले?

आता आपल्या घरी या. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये कायद्याचा मसुदा दिला. त्यात संवेदनशील माहितीच्या यादीत 'जात किंवा जमात' हे शब्द होते. २०१९ मध्ये संसदेत आलेल्या विधेयकातही ते होते. त्याच विधेयकात माहिती लेखापरीक्षकाने कंपनीला 'विश्वासगुण' देण्याची तरतूद होती. म्हणजे एका हातात जातीला संवेदनशील मानणारी यादी आणि दुसऱ्या हातात कंपनीला गुण देणारी तपासणी. दोन्ही एकत्र आले असते तर जपानसारखे काहीतरी उभे राहायला जागा होती. २०२२ मध्ये ते विधेयक मागे घेतले गेले. २०२३ च्या कायद्यातून संवेदनशील माहितीचा वर्गच गेला. जात आणि पिन कोड आता एकाच तागडीत. विश्वासगुणही गेला. सरकार ज्यांना 'महत्त्वाचे' ठरवेल अशा मोठ्या कंपन्यांना तेवढे दरवर्षी ऑडिट करून घ्यावे लागेल आणि तो 'स्वतंत्र' ऑडिटर नेमणार कोण, तर ती कंपनीच.

सर्व राजकीय पक्षांचे दलित खासदार त्या सभागृहात बसलेले असतात. जात हा शब्द कायद्यातून उडाला तेव्हा त्यावर रान उठायला हवे होते. ते उठले नाही.

कायद्यात आणखी दोन खाचा आहेत, त्या तरुणांनी नीट वाचाव्यात. नोकरीच्या कारणासाठी मालकाला काही बाबतीत संमतीशिवायही माहिती वापरता येते. आणि माहिती सांभाळण्यात कसूर केली तर दंड २५० कोटींपर्यंत आहे, पण तो जमा होतो सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई मागायची जी वाट माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ अ मध्ये होती, ते कलमच या कायद्याने वगळले आहे. उलट तक्रार 'खोटी किंवा क्षुल्लक' ठरली तर आपल्यालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दुसऱ्याचे सोंग घेऊन माहिती देऊ नये, हेही कलम १५ मध्ये नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे.

हे वाचले की आम्हाला बडोदा आठवते. १९१७ मध्ये परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळेना, तेव्हा ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. व्यवस्थापकाला वहीत पारशी नाव हवे होते, म्हणून पारशी नाव घालावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक आले. ती हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आज ती वही एखाद्या ॲपमध्ये असती, तर ॲपच्या कंपनीला सुरक्षेचे प्रमाणपत्र मिळाले असते, कारण वही कुलपात होती. आणि कर्तव्यभंगाची नोटीस पाहुण्याला निघाली असती. धर्म आणि जात विचारूनच खोली देणाऱ्याबद्दल या कायद्यात एक अक्षर नाही.

हे जुने झाले असे वाटत असेल तर सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ मधला अभ्यास काढून वाचा. खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त आडनावाचा. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत साधारण दोन-तृतीयांश निघाली. किंवा २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिस्को कंपनीवर केलेला दावा पाहा. आरोप असा की एका दलित अभियंत्याने आयआयटीत आरक्षणातून प्रवेश घेतला होता, ही गोष्ट वरिष्ठाने सहकाऱ्यांना सांगितली आणि पुढचा सगळा त्रास तिथून सुरू झाला. आरोपाचा निकाल काहीही लागो. ही माहिती कुठल्या हॅकरने चोरली नव्हती. जुन्या ओळखीतून ती कळली, असे दाव्यात म्हटले आहे. असल्या फुटीची नोंद कोणत्याही प्रमाणपत्राच्या तपासणीत होत नाही.

आता आपल्याच माणसांचा आक्षेप. 'एकीकडे जातनिहाय जनगणना मागता आणि दुसरीकडे जात विचारू नका म्हणता. हे कसे?' आक्षेप चांगला आहे आणि त्याचे उत्तर कायद्यातच आहे. जनगणना अधिनियम १९४८ च्या कलम १५ प्रमाणे जनगणनेत माणसाने दिलेली माहिती कोणाला पाहता येत नाही आणि पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. बाहेर येतो तो आकडा. अमुक तालुक्यात आपण किती, त्यातले भूमिहीन किती, पदवीधर किती. तो आकडा आपल्या हातातले हत्यार आहे. कंपनीच्या फायलीत उलटे असते. तिथे आकडा कोणालाच मिळत नाही. तुमच्या हजार कर्मचाऱ्यांत अनुसूचित जातीचे किती, असे विचारा, उत्तर येईल की आम्ही जात मानत नाही. पण अमुक एकाची जात कोणती, हे तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्यांना माहीत असते. आम्हाला हवे आहे ते याच्या बरोबर उलट. समूहाचा आकडा उघड, माणसाची फाइल बंद.

आणि आम्ही कोणाला जात लपवायला सांगत नाही. गाडीवर निळा झेंडा लावणारा, ऑफिसात जयभीम म्हणणारा तरुण आपली ओळख आपल्या तोंडाने, ताठ मानेने सांगतो. घरमालकाच्या एजंटने 'पूर्ण नाव काय?' म्हणून उकरून काढणे ही वेगळी गोष्ट आहे. पहिल्यात सांगणारा मालक असतो.

मग मागायचे काय? मानके ठरवणाऱ्या समित्यांत उद्योगांचे लोक बसतात, सल्लागार बसतात, तिथे आपली माणसे हवीत. मानक ब्युरो मसुद्यांवर हरकती मागवते, त्या आपण कधी पाठवत नाही. आयएस १७४२८ मध्ये जातीचा रकाना कोणत्या कायदेशीर गरजेने ठेवला, तो कोण उघडू शकतो, किती दिवसांनी पुसला जातो, हे तपासल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये, अशी दुरुस्ती सुचवायला आयआयटीची पदवी लागत नाही. आडनाव आणि मूळ गाव यांवरून जात ओळखता येते, म्हणून पहिल्या चाळणीत एचआरला ती दिसू नयेत, हीदेखील तपासणीत घालता येण्याजोगी गोष्ट आहे. प्रमाणपत्र कोणत्या विभागापुरते आहे हे शिक्क्याखालीच छापले पाहिजे. लग्न जुळवणाऱ्या साइटवाल्यांना 'जात विचारल्याशिवाय आमचा धंदाच चालत नाही' असे म्हणायचे असेल, तर त्यांनी ते उघड म्हणावे आणि शिक्का मिरवू नये. त्यांच्याबाबत आमचे मत कडक आहे, कोणाला न पटले तरी चालेल.

तोवर रोजच्या व्यवहारात काही गोष्टी लगेच करता येतात. जातीच्या दाखल्याची किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स कोणालाही देताना तिच्यावर आडवे लिहा, 'फक्त अमुक कामासाठी', तारीख टाका, सही करा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात असते. खासगी नोकरीत वयाचा पुरावा म्हणून तो मागितला तर दहावीचे प्रमाणपत्र चालेल का, असे विचारा. बहुतेक वेळा चालते. पार्श्वभूमी पडताळणी करणारी एजन्सी घरी किंवा गावात येणार असेल, तर ती काय विचारणार हे लेखी मागा. संघटनांनीही वधू-वर मेळाव्यांच्या पुस्तिका आणि सभासदांच्या याद्या फोन नंबरांसकट व्हॉट्सॲपवर फिरवू नयेत. दलालाला याद्या कोणाकडूनही चालतात.

नव्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे कंपनीकडे आपली कोणती माहिती आहे आणि ती तिने कोणाकोणाला दिली, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. मे २०२७ पासून तो वापरता येईल. सूचना मराठीतही मिळाली पाहिजे, कारण कलम ५ आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेचा पर्याय द्यायला सांगते. एका जिल्ह्यातल्या पन्नास तरुणांनी एकाच नोकरीच्या पोर्टलला, एकाच आठवड्यात हाच प्रश्न विचारला, तर तिथल्या अधिकाऱ्याला पहिल्यांदाच कळेल की जातीचा रकाना कोणीतरी पाहते आहे.

मधल्या काळात कंपन्या आपापले फॉर्म नव्याने लिहून काढत आहेत. तुमच्या हातात येणाऱ्या ज्या ज्या खासगी फॉर्मवर जात, पोटजात किंवा मूळ गावाचा रकाना असेल, त्याचा फोटो काढा आणि आमच्याकडे पाठवा. शंभर फॉर्म जमले की ते घेऊन आपण मानक ब्युरोकडे हरकत नोंदवू. फोटो कोऱ्या फॉर्मचा काढा, भरलेल्याचा नको.